पॅच मारला, पण लागू झाला का?

"अपडेट मारलंय, झालं काम." सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या तोंडचं हे वाक्य बऱ्याचदा निम्मंच खरं असतं. पॅकेज अपडेट केलं की डिस्कवरची फाइल बदलते. वेब सर्व्हरची प्रोसेस मात्र सुरू होताना मेमरीत घेतलेली जुनी लायब्ररीच वापरत राहते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला. एकेका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर पडायचा. त्यात पासवर्ड असायचे, प्रसंगी खासगी कीसुद्धा. नवी लायब्ररी बसवली आणि सर्व्हर तसाच चालू ठेवला, तर गळती चालूच. "रिलोड केलं की पुरे" हाही त्यातलाच समज. रिलोड केल्यावर एनजिनएक्स कॉन्फिग पुन्हा वाचतो, नवे वर्कर काढतो. पण ते निघतात त्याच जुन्या मास्टर प्रोसेसमधून. कॉन्फिग बदललं तर रिलोड चालतो, लायब्ररी बदलली तर रिस्टार्टच हवा. डेबियन-उबुंटूवर कोणाला रिस्टार्ट हवाय ते 'नीडरीस्टार्ट' सांगतं. हार्टब्लीडच्या वेळी तेवढ्यानंही भागलं नव्हतं: की आधीच गेली असण्याची शक्यता धरून नवी की, नवं सर्टिफिकेट आणि जुनं रद्द, एवढं सगळं करावं लागलं.

आवृत्तीचा आकडा पाहून निकाल देणारेही फसतात. ओपनएसएसएलनं दुरुस्ती १.०.१जी मध्ये दिली, पण डेबियन ७ नं तीच दुरुस्ती आपल्या १.०.१ई पॅकेजात आणून बसवली. नुसता आकडा वाचणारा स्कॅनर तिथे उगाच बोंब मारतो. खरं काय ते पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये असतं. उलटंही घडतं. २०२१ मध्ये अपाची २.४.४९ नं फोल्डरबाहेरच्या फायली वाचू देणारा नवाच दोष आणला, जो २.४.४८ मध्ये नव्हता. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी निघाली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली.

"आमच्याकडे अन्सिबल आहे, प्लेबुक हिरवं आलं" हा समज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्यावर शंकाच घेतली जात नाही. पॅकेजच्या टास्कमध्ये 'प्रेझेंट' लिहिलं असेल, तर पॅकेज आहे एवढं पाहून अन्सिबल पुढे जातं. अपग्रेड करत नाही. आणि रिस्टार्टचा हँडलर? तो एरवी प्लेच्या शेवटी चालतो. समजा कॉन्फिग फाइल बदलली, हँडलरला निरोप गेला आणि मधलंच दुसरं टास्क पडलं. त्या होस्टवर हँडलर चालतच नाही. चूक सुधारून प्लेबुक पुन्हा चालवलं, तर फाइल आधीच बदललेली दिसते, 'चेंज्ड' येत नाही, निरोपही जात नाही. सगळं हिरवं, आणि सर्व्हर मात्र जुन्याच कॉन्फिगवर. 'फोर्स हँडलर्स'चा पर्याय यासाठीच आहे. तो लावा, आणि शेवटी प्रोसेस कधी सुरू झाली ती वेळही बघा. ती बदलाच्या आधीची असेल, तर रिस्टार्ट झालेलाच नाही.