जुन्या बाजारांतील स्वीडिश कुऱ्हाड

हत्यार तराजूंत पडलें म्हणजे त्याचें कुळ, त्याचा घडविणारा आणि त्याला दिलेलें पाणी या सर्व गोष्टी पुसल्या जातात. उरतें तें केवळ वजन. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांत असें पुष्कळ लोखंड वजनावर विकलें जातें व पुन्हां भट्टींत जातें. त्यांत एखादें उत्तम हत्यार असेल तर तें वांचविणें फक्त जाणत्या डोळ्यालाच साधतें. ताथवडें हें एके काळचें शेतीचें गांव. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत. तेथील एखाद्या गृहस्थास भंगारवाल्याकडे, किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारांत, गंजलेलें, दांडा नसलेलें, परकी अक्षरें उमटविलेलें कुऱ्हाडीचें पातें दिसलें, तर त्यानें काय पाहावें व कोणत्या क्रमानें पाहावें, हा येथील विषय आहे.

स्वीडनची कुऱ्हाड इकडे कोठून येणार, अशी शंका कोणी घेईल. परंतु स्वीडन हा देश मराठी घराला अगदींच परका नाहीं. ज्या प्रायमस स्टोव्हवर कित्येक घरांतला चहा उकळला, तो १८९२ च्या सुमारास स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टनें प्रचारांत आणला. अंबरनाथचा विमको हा आगपेट्यांचा कारखाना १९२० नंतरच्या दशकांत स्वीडिश भांडवलावर उभा राहिला. पुढें १९६० नंतर चिंचवडास एसकेएफचा बेअरिंगांचा आणि दापोडीस सँडविकचा हत्यारांचा कारखाना निघाला. व्यापाराच्या अशा ओघांत एखादें हातहत्यार वाहत येणें अशक्य नाहीं. मात्र परकी अक्षरें असलेली प्रत्येक कुऱ्हाड स्वीडिश असते असेंहि नाहीं. म्हणूनच खुणा माहीत हव्यात.

स्वीडिश लोखंडाची कीर्ति कशामुळें झाली हें प्रथम समजून घेतलें म्हणजे या खुणांचा अर्थ लागतो. लोखंडांत स्फुरदाचा अंश थोडा जरी अधिक राहिला, तरी तें थंडींत ठिसूळ होतें आणि घाव बसतांच तडकतें. स्वीडनमधील दानेमोरा येथील खाणीचा दगड या दोषापासून बराचसा मुक्त होता. शिवाय तो दगडी कोळशावर न गाळतां लांकडी कोळशावर गाळीत, त्यामुळें गंधकाचा दोषहि त्यांत शिरत नसे. सतराव्या शतकांत आजच्या बेल्जमच्या बाजूचे वालून लोहार तेथें जाऊन स्थायिक झाले आणि त्यांनीं आपली कला तेथें रुजविली. इंग्लंडांतील शेफील्डचे पोलाद करणारे कारागीरहि आपल्या उत्तम मालासाठीं हेंच लोखंड मागवीत. ही खाण १९९२ मध्यें बंद झाली. बेसेमरनें १८५६ मध्यें पोलादाची नवी रीत काढली, पण ती प्रथम नीट यशस्वी होईना. १८५८ मध्यें स्वीडनच्या यॉरान्सननें ती यशस्वी करून दाखविली, आणि १८६२ मध्यें जो कारखाना काढला तोच पुढें सँडविक म्हणून प्रसिद्धीस आला. दापोडीच्या कारखान्याचें मूळ असें या कथेंतच आहे.

आतां पहिली खूण शिक्क्याची. पात्याच्या गालावरील माती व सुटा गंज घासून काढावा आणि तिरप्या उजेडांत पाहावें. समोरच्या उजेडांत न दिसणारीं अक्षरें तिरप्या उजेडांत उमटून दिसतात. नॉरशेपिंगजवळील हुल्ट येथील कारखाना १६९७ चा. त्याच्या मालावर एच आणि बी हीं अक्षरें आढळतात. वेटरलिंग हें घराणें १८८२ पासूनचें. त्याचीं अक्षरें एस, ए आणि डब्ल्यू. ग्रेन्सफोर्स येथील कारखाना १९०२ चा. त्याचीं अक्षरें जी आणि बी. या अखेरच्या कारखान्याची व्यवस्था १९८५ मध्यें नव्या हातीं गेली, आणि पुढें घडविणाऱ्या लोहाराच्या नांवाचीं आद्याक्षरेंहि पात्यावर उमटूं लागलीं. अर्थात् अशीं जादा अक्षरें दिसलीं तर पातें फार जुनें नव्हे, असें अनुमान करावें.

देशाचें नांव कसें लिहिलें आहे तेंहि पाहावें. स्वीडिश लोक आपल्या देशास ‘स्वेरिये’ म्हणतात. तो शब्द असल्यास माल मूळचा स्वदेशीं वापरासाठीं असण्याचा संभव अधिक. ‘मेड इन स्वीडन’ असें इंग्रजींत असल्यास तो निर्यातीचा. इंग्लंडांत १८८७ मध्यें आणि हिंदुस्थानांत १८८९ मध्यें मालावरील खुणांचे कायदे झाले. परदेशी मालास खोटें कुळ लावून विकण्यास त्यांनीं आळा घातला, आणि देशाचें नांव मालावर स्पष्ट घालण्याची रीत वाढली. वजनाचा आंकडाहि बोलका असतो. स्वीडननें १८८९ पासून दशमान मापें पूर्णपणें लागू केलीं. तेथें दशांशासाठीं टिंबाऐवजीं स्वल्पविराम देतात; म्हणून ‘१,६’ असा आंकडा दिसला तर तो एक किलो सहाशें ग्रॅम असें वाचावें. साडेतीन पौंडांचें वजन जवळजवळ तेवढेंच भरतें. प्रत्यक्ष वजन बरेंच कमी भरलें, तर तें पातें घासून घासून झिजलें आहे हें उघड आहे.

परंतु शिक्का हा साक्षीदार आहे, पुरावा नव्हे. शिक्का कोणालाहि मारतां येतो. खरा पुरावा धातूंत असतो. जुन्या रीतींत कुऱ्हाडीचें अंग मऊ लोखंडाचें करून धारेपुरतें पोलाद तापवून जोडीत; तशा पात्यावर सांध्याची बारीक रेषा दिसते. नव्या रीतींत सबंध पातें एकाच पोलादाचें असतें, पण पाणी मात्र धारेच्या बाजूसच दिलेलें असतें. हा भेद घरच्या घरीं तपासतां येतो. चांगली कानस मागच्या बोथट अंगावर फिरविली तर ती सहज लागते. धारेजवळ ती घसरूं पाहते व कष्टानें लागते. दुसरी कसोटी लिंबाच्या रसाची. धारेमागची दोन बोटें जागा घासून स्वच्छ करावी, तेल पुसून टाकावें व रस लावून अर्धा तास ठेवावा. पाणी दिलेला भाग बहुधा अधिक काळवंडतो आणि मऊ भाग फिकट राहतो. दोहोंमधील सीमा धुक्याच्या कडेसारखी दिसते. ही सीमा धारेच्या अगदीं जवळ येऊन ठेपली असेल, तर त्या कुऱ्हाडीचें आयुष्य सरत आलें आहे असें समजावें.

गुण पाहिले तसे दोषहि पाहावे. दांडा बसविण्याच्या भोंकाच्या भिंतींस तडा असेल, तर शिक्का कितीहि थोर असो, तें पातें वापरास घेऊं नये. मागील अंग हातोड्याच्या घावांनीं छत्रीसारखें पसरलें असेल तर भोंकहि वांकडें झालें असण्याची भीति असते. धारेवर निळी झांक असेल तर कोणीतरी यंत्राच्या सहाणेवर ती तापविली आहे. पोलाद सुमारें तीनशें अंशांपर्यंत तापलें म्हणजे असा निळा रंग चढतो आणि धारेचें पाणी उतरतें. जें लोहारानें तासाभराच्या कौशल्यानें साधलें, तें अडाण्याच्या घाईनें एका क्षणांत जातें. म्हणून अशी कुऱ्हाड विजेच्या सहाणेवर कधींहि नेऊं नये. हातकानशीनें व नंतर दगडावर, पाणी घालीत घालीत, धार लावावी. गंज रॉकेलानें भिजवून पितळी ब्रशानें काढावा. शिक्क्यावर कानस मुळींच फिरवूं नये. चकचकीत करण्याच्या हौसेपायीं जन्मपत्रिका पुसून टाकणें शहाणपणाचें नव्हे.

राहिला दांडा. स्वीडिश कारखाने अमेरिकेंतील हिकरी नांवाचें चिवट लांकूड त्यासाठीं वापरतात. आपल्याकडे धावडा अथवा बाभूळ हीं लांकडें त्या कामीं विश्वासू आहेत. दांड्याचे रेषे सरळ व टोंकापासून टोंकापर्यंत अखंड असावेत, लांकूड पुरतें वाळलेलें असावें, वरून पाचर घट्ट बसवावी व जवसाचें तेल जिरवावें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण झाडांच्या बाबतींत झाली. सैल दांडा मात्र धरणाऱ्याच्याच गोतास काळ होतो. शहरांत उभें झाड परवानगीवांचून तोडूं नये, असा १९७५ चा राज्याचा कायदा आहे, हेंहि विसरूं नये. पडलेल्या फांदीवर व वाळलेल्या ओंडक्यावर या हत्याराची पुरेशी परीक्षा होते.

स्वीडिश कुऱ्हाडीची ही पारख एकदां अंगवळणीं पडली म्हणजे आणखीहि एक लाभ होतो. मऊ अंग व कठीण धार यांचा मेळ आपल्या खेड्यांतील लोहारहि घालीत आले आहेत. गाडीच्या जुन्या पाट्यापासून घडविलेल्या कोयत्यांत आणि कुऱ्हाडींत तें कसब पाहावयास मिळतें. त्यावर शिक्का नसतो, वजनाचा आंकडा नसतो, सांगावयास साल नसतें. पण कानस आणि लिंबाचा रस यांस परदेशी-स्वदेशी हा भेद ठाऊक नाहीं. तेव्हां घरांतील माळ्यावरचें जुनें हत्यार भंगारवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं तें एकदां स्वच्छ पुसावें, तिरप्या उजेडांत धरावें आणि मगच त्याचें मोल ठरवावें.