अर्धा तास कुणाचा?

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते. पुढे घाट, म्हणून मागे जादा इंजिनं लागतात. तेवढ्यात आपण वडापाव घेतो. चढणीआधी गाडीला थांबावं लागतं, हे आपल्याला पटवून द्यावं लागत नाही. माणसासाठी मात्र कायदा करावा लागला.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांच्या अर्जात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली होती. 1891 च्या कारखाना कायद्यात या दोन्ही गोष्टी आल्या. पुढे 1948 च्या कायद्याचं 55 वं कलम म्हणालं : सलग 5 तासांहून जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. 56 वं कलम म्हणालं, विश्रांती धरून सगळं साडेदहा तासांत आटपा. हे का? नाहीतर मालक मधल्या सुट्ट्या लांबवून माणसाला दिवसभर अडकवून ठेवील.

आता यातला विचार बघा. मालक श्रम विकत घेतो, माणूस नाही. तो अर्धा तास ही त्या दोहोंमधली सीमारेषा आहे. म्हणून ती मेहेरबानी नव्हे.

पण ही रेषा घड्याळावर आखलेली आहे. दिवाळीनंतर आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि मजुरी हजार विटांमागे. तिथे भोंगा नाही. ‘बसू नका’ असं कुणी म्हणतही नाही. पण बसलं की विटा कमी पडतात आणि उचल फिटायला आणखी दिवस लागतात. म्हणजे विश्रांतीची किंमत मजूर स्वतःच मोजतो.

कुणी म्हणेल, ‘ते तर स्वतःच्या मर्जीचे मालक!’ आम्ही आयुष्यभर वर्गात स्वातंत्र्य शिकवलं. घंटा झाली की थांबलो, आणि पगार काही कापला गेला नाही. तेव्हा ही मर्जीची भाषा आमच्या तोंडी शोभत नाही. ज्याला थांबणं परवडत नाही, त्याला थांबायची मोकळीक आहे असं म्हणणं हा शब्दांचा खेळ झाला.

म्हणून कायद्याची कसोटी साधी ठेवू या. कलमात अर्धा तास लिहिला आहे का, एवढंच विचारून थांबायचं नाही. तो घेतल्यावर मजुराच्या हातात संध्याकाळी किती कमी पडतं, हेही विचारायचं. कमी पडत असेल, तर तो अर्धा तास अजून त्याचा झालेला नाही.