दिवे वाढवण्याआधी वॉटचा हिशेब

कॉफीच्या एस्टेटवर चार जाड चाकांची एटीव्ही आली की महिन्याभरातच तिच्यावर सामान चढायला लागतं. आधी पुढच्या कॅरियरवर दोन एलईडी बार. मग मोबाइल चार्ज करायला यूएसबी सॉकेट. पावसाळ्यानंतर तण माजलं की मागे टाकी आणि फवारणीचा बारा व्होल्टचा पंप. सिल्व्हर ओकची फांदी रस्त्यावर आडवी पडते, गाडी चिखलात रुतते, म्हणून पुढे दोराने ओढणारी विंच. प्रत्येक वस्तू तिथे खरोखरच उपयोगाची असते. सकलेशपूरच्या भागात संध्याकाळी हत्ती वाटेत उभा असू शकतो, त्यामुळे तिथे लांबवर पडणारा उजेड ही चैन नाही. अडचण एवढीच, की या वस्तू एकेक करून येतात आणि त्यांची बेरीज कुणीच करत नाही. एक दिवस सकाळी स्टार्टरचं बटण दाबलं की नुसता टक्‌टक्‌ आवाज येतो आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

हे सामान बहुतेकदा बेंगळुरूहून जातं. बेंगळुरूच्या मल्लेश्वरमपासून सकलेशपूर सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे आणि शहरात राहून घाटाकडे मळा सांभाळणारी घरं इथे आहेत. दिवे, विंच, वायर हे सगळं जे. सी. रोडच्या दुकानांत एका दुपारी मिळतं. गाडीतून किती वीज निघते, हे मात्र दुकानात कुणी विचारत नाही.

म्हणून सुरुवात तिथूनच करू. गाडीतली वीज बॅटरी तयार करत नाही. ती तयार होते इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या स्टेटरमध्ये, मेकॅनिक ज्याला मॅग्नेट कॉइल म्हणतात त्यात. क्रँकबरोबर चुंबक फिरतात आणि तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उठते. रेग्युलेटर-रेक्टिफायर ती सरळ करून चौदा व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, कारण नको असलेली वीज त्याला उष्णता करून उडवावी लागते. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि स्टेटर म्हणजे तिला भरणारा पंप. टाकी दुप्पट केली म्हणून पंप जास्त पाणी देत नाही. दिवे मंद होतात म्हणून दुसरी बॅटरी बसवणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं. इंजिन बंद असताना काही चालवायचं असेल तर दुसरी बॅटरी जरूर बसवा. पण चालत्या गाडीत वीज कमी पडते म्हणून बसवाल, तर दोन्ही बॅटऱ्या अर्धपोटी राहतील.

आता बेरीज करू. समजा इंजिनाच्या मध्यम फेऱ्यांवर स्टेटर ३०० वॉट देतो. काही गाड्यांत हा आकडा याहून कमी असतो, मोठ्या इंजिनांत ५०० च्याही वर जातो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. कंपनीचे हेडलाइट, इंधनाचा पंप, इंजेक्शनचा कॉम्प्युटर, स्पार्क, रेडिएटरचा पंखा, मागचा दिवा यांत सगळे मिळून २२० वॉट गेले असं धरा. उरले ८०. छत्तीस वॉटचे दोन एलईडी बार लावले की ७२ संपले. त्यावर फवारणीचा पंप सुरू केला की खातं उणे. शिवाय हा सगळा हिशेब मध्यम फेऱ्यांचा आहे. कॉफीच्या ओळींमधून माणसाच्या चालीने गाडी नेताना इंजिन जेमतेम आयडलिंगच्या वर असतं आणि तिथे स्टेटर निम्म्याच्या आसपासच देतो. म्हणजे गाडी चालू आहे, दिवे लख्ख आहेत आणि बॅटरी मात्र रिकामी होते आहे. संध्याकाळभर हळू चालवून, दिवे लावून काम केलं की सकाळी टक्‌टक्‌ का होतं, त्याचं उत्तर हे. जुन्या ५५ वॉटच्या हॅलोजन जोडीऐवजी एलईडी लावणं म्हणूनच शहाणपणाचं. एकाच बदलात बरेच वॉट हाती राहतात.

विंचची गोष्ट वेगळी. ओढ पूर्ण असते तेव्हा ती शंभर अँपिअरच्याही वर घेते, म्हणजे बाराशे वॉट. एवढं कुठलाही स्टेटर देत नाही. सगळं बॅटरीतून जातं. शंभर अँपिअरने एक मिनिट ओढलं की सुमारे पावणेदोन अँपिअर-तास खर्च. सगळे खर्च भागून पाच अँपिअर शिल्लक राहत असतील, तर ते भरून यायला वीस मिनिटांहून जास्त इंजिन चालावं लागतं. म्हणून विंच नेहमी इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, फेऱ्या जरा वाढवून आणि थोडी थोडी ओढायची. मधे थांबायचं, मोटरवर हात धरून गरम झाली का बघायचं. सलग ओढलं की व्होल्टेज इतकं खाली येतं, की इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटरच बंद पडतो आणि चिखलात इंजिनही थांबतं. विंचची जाड केबल तिच्या सोलेनॉइडमधून थेट बॅटरीला, बाकी कुठेही नाही.

वायरकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. बेंगळुरूकरांना तर हे जुनं ठाऊक असायला हवं. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली, ती तीस हजारांहून अधिक व्होल्टवर. व्होल्टेज चढवलं की तेवढीच वीज कमी अँपिअरमध्ये जाते आणि तारेत वाया कमी जाते. त्याच केंद्राच्या विजेवर ऑगस्ट १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले. गाडीत आपल्याला बाराच व्होल्ट मिळतात, ते चढवायची सोय नाही. राहतो एकच उपाय, तार जाड घेणं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत तीन मीटर आणि परत तीन, अशा तांब्याच्या तारेतून दहा अँपिअर नेले, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये दोन व्होल्ट गळतात. दीडच्या वायरमध्ये ते पाऊण व्होल्टच्या आत येतात, चारच्या वायरमध्ये पाव व्होल्ट. दोन व्होल्ट गळाले म्हणजे वायर तापते, आणि ती पेट्रोलच्या टाकीखालच्या प्लॅस्टिकजवळून जात असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

जोडणी नीट केली तर कशी दिसते ते बघा. बॅटरीच्या लाल टोकाला थिंबल, आणि तिथून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज होल्डर. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो दिव्याजवळ बसवला तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडी पडते. पुढे रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. तिच्या ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्याकडे जाणारी. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. एक अर्थला, दुसरी हँडलवरच्या स्विचमधून. आणि त्या स्विचला वीज अशा वायरवरून, जी किल्ली फिरवल्यावरच जिवंत होते. म्हणजे स्विचमधून पाव अँपिअरहूनही कमी जातं, भार सगळा रिलेवर, आणि किल्ली काढली की दिवा विसरणं शक्यच नाही. दिव्यांची काळी वायर रंगवलेल्या फ्रेमच्या बोल्टला न अडकवता बॅटरीच्या उणे टोकापर्यंत आणायची. रंगावर आणि गंजावर अर्थ धरत नाही. दिवे लुकलुकण्याचं निम्मं कारण तेच. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. लाल उडाला म्हणून हिरवा खुपसणारा कारागीर दिसला तर गाडी तिथून काढा.

जोड पिळून वर काळी टेप लावायची पद्धत घाटातल्या पावसात एक हंगामही टिकत नाही. क्रिम्प केलेला जोड आणि त्यावर तापवून बसवलेली स्लीव्ह, याला पर्याय नाही. यूएसबी सॉकेटही रिलेमागेच घ्या. तो नुसता बसून वीस मिलिअँपिअर खात असेल, तर बारा अँपिअर-तासांची बॅटरी बारा दिवसांत निम्मी होते, आणि शहरातला मालक कित्येकदा त्याहून उशिरा मळ्यावर पोचतो. भारतात बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवण्याची नोंदणी मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. जीप किंवा मोटारसायकलवर हेच दिवे चढवणार असाल, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा. गाडीत मूळच्या तपशिलाबाहेरचे बदल करायला ते मनाई करतं.

सगळं बसवून झालं की कारागिराचे पैसे देण्याआधी एक चाचणी त्याच्यासमोरच घ्या. इंजिन मध्यम फेऱ्यांवर, सगळे दिवे आणि पंप चालू, मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांवर. साडेतेरा व्होल्टच्या वर आकडा असेल तर गाडी स्वतःचं भागवते आहे. पावणेतेराच्या खाली घसरत असेल तर बॅटरी बदलू नका. कॅरियरवरची एखादी वस्तू उतरवा, आणि हीच चाचणी आयडलिंगवर पुन्हा करा.