गुपित कोणाचे, कौशल्य कोणाचे?

कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनकडे टायरकॉर्डचे धागे काढण्याची विद्या हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आली होती. पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक पाळी-पर्यवेक्षक ती शिकला आणि १९६४ साली मुदतीपूर्वीच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली त्याच्यावरील मनाई उचलून धरली. परंतु तिचा विवेक लक्षात घेण्याजोगा आहे : तेच काम करण्यास बंदी कराराच्या मुदतीपुरती; गुपित फोडण्यास मात्र त्यानंतरही. कारखान्याची प्रक्रिया मालकाची, हाताला लागलेले वळण नोकराचे. विधी आयोगाने २०२४ मध्ये व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा सुचविला. तो करताना ही सीमारेषा पुसली गेली, तर गुपिताच्या नावाखाली माणसेच जखडली जातील.