कमी पैशात लांबचा पल्ला – भाग ७ : कवड्यांच्या मुलखात

नवरात्रात अंबाबाईच्या दारी जोगवा मागणाऱ्या आराधिणींच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ही कवडी आपल्या पंचगंगेतली नाही. आपल्याकडे कवडी चलन म्हणून फिरत होती तेव्हा तिचा फार मोठा पुरवठा मालदीवहून व्हायचा. बंगालचे व्यापारी तिथे तांदूळ द्यायचे आणि गलबतं भरून कवड्या आणायचे. चौदाव्या शतकात तिथे काझी म्हणून राहिलेल्या प्रवासी इब्न बतूतानं हे लिहून ठेवलं आहे. आज मात्र मालदीवचं नाव निघालं की ‘ते श्रीमंतांचं काम’ म्हणून आपण विषय संपवतो. हा समज अर्धाच खरा आहे.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं आहेत आणि वस्ती आहे ती जेमतेम दोनशेंवर. १९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि पुढे एका निर्मनुष्य बेटावर एकच रिसॉर्ट असा शिरस्ता पडला. अशा बेटावर वीज स्वतः तयार करायची, समुद्राचं पाणी गोडं करायचं, कोथिंबिरीच्या काडीपासून गादीपर्यंत सगळं बोटीनं आणायचं आणि नोकरांचीही तिथेच सोय करायची. हा सगळा खर्च पाहुण्याच्या बिलात येतो. शिवाय जेवायला दुसरं ठिकाण नसतं, म्हणून सांगतील तो भाव. निळं पाणी नि पांढरी वाळू सगळीकडे तीच आहे. महाग असतो तो एकांत.

२००९-१० च्या सुमारास तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारनं वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला परवानगी दिली आणि चित्र पालटलं. तिथे शाळा, मशीद, दवाखाना, किराणा दुकान, वीज हे सगळं गावकऱ्यांसाठी आधीपासून होतंच. घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना दिल्या की झालं. माफुशी हे त्यातलं सर्वांत गजबजलेलं बेट, राजधानी मालेपासून २७ किलोमीटरवर. गावकऱ्यांची सरकारी फेरीबोट दीड तासात पोचवते आणि भाडं आपल्या एसटीच्या हिशेबातलं असतं. स्पीडबोट अर्ध्या तासात जाते, पण पैसे कितीतरी पट घेते. माझं मत विचाराल तर फेरीबोटच घ्या. बाजार करून परतणाऱ्या बायका आणि शाळकरी पोरं यांच्यात बसून जाणं हाच त्या देशाशी खरा परिचय.

तिथली दिवेही भाषा आपल्या मराठीची लांबची बहीण आहे. मासळीला ‘मस्’, पोळीला ‘रोशी’, तीनला ‘तिन’, आणि चलन ‘रुफिया’. सकाळी ‘मस् हुनी’ मागा : ट्यूना (कोकणातला कुपा), किसलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू एकत्र कालवलेलं, सोबत गरम रोशी. गावातल्या साध्या हॉटेलात हा नाश्ता स्वस्तात मिळतो आणि कोल्हापुरी जिभेला लगेच पटतो.

वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे फक्त त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर चालतात, गावात अंगभर कपडे हवेत. पूजेच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत, तेव्हा देवघर घरीच ठेवा. शुक्रवार हा सुट्टीचा दिवस, सरकारी फेरी त्या दिवशी धरू नका. गुरुवारी रात्री उतरलात आणि फेरीवरच विसंबून राहिलात तर मालेत अडकून पडाल.

जायचं कसं? कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून विमानानं थेट माले. भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण मात्र दाखवावं लागतं. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि भाव चढे. गगनबावड्याला झोडपणारा नैऋत्य मोसमी वारा तिथेही वाहतो, त्या महिन्यांत खोल्या उतरत्या दरात मिळतात. रोज पाऊस असतोच असं नाही, पण समुद्र खवळलेला असतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर थोडे जास्त पैसे मोजून फेब्रुवारी-मार्चमध्येच जा.

पुढच्या आठवड्यात लक्षद्वीप. ते आपल्याच देशात असूनही तिथे जायला परवाना लागतो. तो कसा काढायचा, ते सांगेन.