मांडीवरची जाळी आणि बसलेला लॅपटॉप

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुतण्या घरी आला तो तोंड पाडूनच. "काका, लॅपटॉप गेला. परवापर्यंत गेम सेकंदाला ६०-७० फ्रेमनं पळत होता, आता २० च्या वर सरकत नाही." एका दुकानात दाखवून झालं होतं. ग्राफिक्स कार्ड गेलंय, दुरुस्तीपेक्षा नवीनच घ्या, असं तिथे सांगितलं. भावानं दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या पैशातून घेतलेला तो लॅपटॉप. गेम तर आहेच, पण पोराचं व्हिडिओ एडिटिंगचं शिकणंही त्यावरच चाललेलं. पुन्हा तेवढे पैसे काढायचे कुठून?

मी काही संगणकाचा डॉक्टर नाही. पण सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत वर्षानुवर्षं बसलं की एक सवय लागते, हात लावण्याआधी विचारायची. म्हटलं, "सुरू केल्या केल्याच मंद असतो, की थोड्या वेळानं होतो?"

"पहिली दहा मिनिटं एकदम भारी. मग धप्प."

अर्धं निदान इथंच झालं.

पहिल्या मिनिटापासून मंद असेल, तर आधी संशय विजेवर घ्यावा. गेमिंग लॅपटॉपला भरात असताना दीड-दोनशे वॉटही लागू शकतात. बॅटरी एवढी वीज सहसा देत नाही, म्हणून चार्जर सुटला की यंत्र आपणहून मंदावतं. आपल्याकडे वीज जाते आणि खेळात गुंगलेल्या पोराच्या ते लक्षातही येत नाही. मूळचा जाड चार्जर सोडून मित्राचा ६५ वॉटचा लावला, तरी हेच. नुकतंच अपडेट झालं असेल तर कधी पॉवर मोड बदललेला असतो, कधी गेम मोठं कार्ड सोडून प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालू लागतो. हे सगळं घरच्या घरी, फुकटात बघता येतं.

दहा मिनिटांनी बसणारा लॅपटॉप मात्र बहुधा तापलेला असतो. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. उन्हात राबणारा गडी चक्कर येण्याआधी बांधावर टेकतो ना, तसंच.

फरक एवढाच, की गड्याला घाम येतो. बाहेर ४२ अंश असले तरी आपलं शरीर ३७ च्या आसपास राहतं, कारण घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. लॅपटॉपला घाम नाही. त्याचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, आणि ती हवा जितकी तापलेली तितकी कमी उष्णता उचलते. बऱ्याच कंपन्या वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगतात. बिलोलीत मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ते जमवून दाखवा! धूळ वर्षभर साठते, उन्हाळा शेवटचा धक्का देतो, आणि आपण म्हणतो 'अचानक' झालं.

तापमान दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. गेम लावला. नवव्या मिनिटाला ९७, आणि तिथंच फ्रेम कोसळल्या.

"खेळतोस कुठं बसून?"

"गादीवर. नाहीतर मांडीवर."

लॅपटॉप टेबलावर घेतला, मागच्या बाजूला दोन पुस्तकांचा टेकू दिला. खालच्या जाळ्या मोकळ्या झाल्या. तापमान ८९ वर आलं, फ्रेम ४५ झाल्या. कार्ड गेलेलं असतं तर पुस्तकांनी बरं झालं नसतं.

पण 'मांडीवर' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. चड्डी जरा वर करायला लावली. डाव्या मांडीवर तपकिरी, जाळीदार डाग. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून कुणाला दाखवलेला नाही. याला एरिथिमा अ‍ॅब इग्ने म्हणतात. चटका बसण्याइतकी नसलेली, पण रोज तासन्‌तास लागणारी ऊब कातडीवर अशी जाळी उमटवते. काश्मिरात कांगडी पोटाशी धरणाऱ्यांत हा डाग जुना. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १२ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली, तोही रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळायचा, आणि त्याचीही डावीच मांडी. शेक थांबला की डाग बहुधा काही महिन्यांत फिका होतो. वर्षानुवर्षं चालू राहिला, तर क्वचित त्या जागी कर्करोगही होऊ शकतो.

राहिली साफसफाई. ती ओळखीच्या कारागिराकडून, माझ्यासमोर करून घेतली. बॅटरीची पिन आधी काढली. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवला, नाहीतर तो गरगर फिरून बिघडतो. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये धूळ आणि गादीच्या कापसाचा जाड थर बसला होता, बाहेरून फुंकून कधीच निघाला नसता. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहिलं. टचपॅड वर उचललं गेलेलं दिसलं तर लॅपटॉप तिथंच बंद करावा आणि चार्जिंगला अजिबात लावू नये. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

दुपारी ५५, रात्री उशिरा ६० च्या पुढं फ्रेम मिळतात आता. परवा पोरानं लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवला होता. पाण्याचे तुषार कीबोर्डवर उडत होते, म्हणून तो पुन्हा मागे सरकवला. मांडीवरची जाळी अजून आहे, जूनमध्ये परत बघणार आहे.