साडेतीन मिनिटांची भैरवी

सप्टेंबर १९७७ मध्ये 'व्हॉयेजर-१' हे यान अवकाशात झेपावले. त्याचे जुळे भावंड 'व्हॉयेजर-२' ऑगस्टमध्येच निघाले होते. दोघांवरही सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली आहे. पृथ्वीवरचे निवडक संगीत तिच्यात साठवले असून, त्यात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तिची लांबी किती? अवघी साडेतीन मिनिटे!

ज्यांच्या घरी गाणे ऐकले जाते त्यांना हे खटकेल. मैफलीत एकेक राग अर्धा-पाऊण तास सहज चालतो, आणि भैरवी तर अगदी शेवटी येते. श्रोत्यांचे कान तोवर स्वरांनी भरलेले असतात. मग केसरबाईंनी तबकडीवर इतके झटपट का आटोपले? याचे उत्तर संगीतात नाही; ते तबकडीच्या भूमितीत आहे.

कागद-पेन्सिल घ्या. जुनी ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे. साडेतीन मिनिटांत झाले २७३ फेरे. दर फेऱ्याला खाच थोडी आत सरकते. एका इंचात सुमारे १०० खाचा मावतात असे धरले, तर २७३ फेऱ्यांना पावणेतीन इंच जागा हवी. दहा इंची तबकडीची त्रिज्या पाच इंच. त्यातून मधली कागदी चकती आणि कडेची पट्टी वजा करा. संपली जागा!

तुम्ही म्हणाल, खाचा जवळजवळ का नाही कोरल्या? आवाज चढला की खाच जास्त नागमोडी होते आणि शेजारच्या खाचेत घुसू पाहते. शिवाय त्या काळची पोलादी सुई जाड असे. बरे, फेरे कमी केले तर? मग तारसप्तकातल्या सूक्ष्म लहरी इतक्या दाटतात की जाड सुईला त्या उमटवता येत नाहीत. बारीक खाचांची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी १९४८ साली बाजारात आली. व्हॉयेजरची तबकडी तर १६⅔ फेऱ्यांची आहे, तिच्यात दीड तासाचे संगीत मावले. पण भैरवी मुळात ७८ च्या मापाने बेतलेली, ती साडेतीन मिनिटांचीच राहिली.

म्हणून तबकडीवर आलाप आवरता घ्यावा लागे आणि ताना लवकर याव्या लागत. ही छोटी मैफल नव्हे, वेगळीच रचना आहे. काही जण तबकडी ऐकून गायकाचे मोजमाप करतात, ते मला पटत नाही. पण तबकडीला कमी लेखू नये. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ १९४६ साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. ते कसे गात, हे आपल्याला शिष्यांच्या गळ्यावरूनच ताडावे लागते.

दुसरा फरक जागेचा. मैफलीत गायकाचा स्वर सरळ तुमच्याकडे येतो, तसाच भिंतींवरून परतूनही येतो. माणसांनी भरलेल्या दालनात तो लवकर विरतो, कारण कपडे ध्वनी शोषून घेतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हे सारे हवे तसे बदलता येते. अमेरिकेत मेम्फिस येथे १९५४ मध्ये सॅम फिलिप्स याने एल्व्हिस प्रेस्ली या तरुणाची 'रॉकबिली' गाणी मुद्रित केली. त्याने दोन टेपरेकॉर्डर जोडले होते. दुसऱ्या यंत्रात आवाज एका शीर्षावर मुद्रित होई आणि पुढच्या शीर्षावर क्षणभराने वाजे. तो मूळ आवाजात मिसळला जाई. फितीचा वेग सेकंदाला १५ इंच व शीर्षांतील अंतर २ इंच धरले, तर उशीर सुमारे ०.१३ सेकंदाचा. तबकडीवर हा ठसका, रंगमंचावर मात्र नाही! अखेर गिटारवादक स्कॉटी मूर याने १९५५ साली असाच प्रतिध्वनी देणारा ध्वनिवर्धक घेतला, तेव्हा निदान गिटारपुरता तो ठसका रंगमंचावर पोचला.

हा उशीर तुम्हाला यंत्राशिवाय ऐकता येईल. आमच्या मावळात, तळेगावजवळ इंदुरीला दाभाड्यांचा जुना भुईकोट आहे. अशा तटासमोर, किंवा शाळेच्या उंच सपाट भिंतीसमोर, मोकळ्या जागेत २२ मीटरवर उभे राहा. जाऊन-येऊन ४४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे तेच ०.१३ सेकंद. एक खणखणीत टाळी वाजवा. मग एकेक मीटर पुढे सरकत जा. साधारण १७ मीटरच्या आत टाळी आणि तिचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळू लागतील. ती जागा खडूने आखून ठेवा आणि मित्राला तेच करायला सांगा. त्याची खूण थोडी पुढेमागे पडेल. सकाळी लवकर जा, रस्त्यावर ट्रकची वर्दळ सुरू होण्यापूर्वी.